गावात कुठं?

आमच्या समाजशास्त्र विभागाचं वार्तापत्र वर्षातून एकदा निघतं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे असतं. ‘तुमची मराठी चांगली आहे’ असं म्हणत सहकाऱ्यांनी ते माझ्या गळ्यात मारलं आणि मीही स्तुतीला भुललो. पात्रता परीक्षा कोण पास झालं, कुणाचा लेख छापून आला, कुणाला कुठल्या परिषदेचं बोलावणं आलं, हे सगळं चार पानांत बसवायचं. बातम्या दरवर्षी नव्या, वाक्यं मात्र जुनीच. नाव बदललं की भागतं.

यंदाची मोठी बातमी माझ्याच विद्यार्थिनीची होती. तिच्या प्रबंधाला विद्यापीठाचा पुरस्कार मिळाला. ती इंदापूरची. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत कुणाशेजारी डबा उघडतात, हा तिचा विषय. पाच वर्षं ती त्यांच्यात जाऊन बसली. तिथं जात कुणी विचारत नाही, पण नव्या बाईला तीन प्रश्न हमखास येतात. गाव कुठलं, गावात कुठं, पाव्हणं कोण. तिसऱ्यापर्यंत जायची वेळ क्वचितच येते, दुसऱ्यावरच सगळं कळतं. यावर तिनं अख्खं प्रकरण लिहिलं आणि मी ते वाहवा करत तपासलं.

वार्तापत्रात मी लिहिलं, ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करत मिळवलेले हे यश कौतुकास्पद आहे.’ लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. इंदापुरातल्या एका साप्ताहिकानं त्याचाच मथळा केला.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. “सर, घरी या एकदा. बाबांना तुम्हाला भेटायचंय.”

मला वाटलं, सत्कार. बारामतीला एसटी बदलताना पेढे घेतले. शाल मिळाली तर ठेवायला पिशवीत जागासुद्धा केली. आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं.

तिचे वडील निवृत्त मुख्याध्यापक निघाले. बाहेरच्या खोलीत दोन भिंती पुस्तकांनी भरलेल्या. पाणी पिऊन होतंय तोवर त्यांनी वार्तापत्र काढलं. माझ्या वाक्याखाली तांबड्या शाईची रेघ होती आणि समासात प्रश्नचिन्ह.

“राग नाही, सर,” ते म्हणाले. “मराठी शिकवायचो मी. निबंधात असं मोघम वाक्य आलं की मुलांना विचारायचो, हे तू पाहिलंस की ऐकलंस?”

मी ते पाहिलंही नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं.

“माझ्या वडलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पोस्टात नोकरीला लागले आणि घरात पहिलं कपाट आणलं ते पुस्तकांसाठी. प्रतिकूल म्हणाल तर त्यांची. माझीही थोडीफार. हिची कुठली? साप्ताहिक वाचून शेजारी विचारायला लागले, मुलीचे एवढे हाल केलेत का म्हणून.”

पाच वर्षं ती माझ्यासमोर बसत होती आणि तिचे वडील काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती. प्रवेशाच्या दिवशी मी तिला विचारलं होतं, गाव कुठलं? इंदापूर म्हणाल्यावर, इंदापुरात कुठं? आपल्या भागातली पोरगी म्हणून आपुलकीनं विचारलं, असं मी तोवर धरून चाललो होतो. तिनं वस्तीचं नाव सांगितलं आणि बाकीचं मी माझ्या पदरचं भरलं.

आणि माझं घर कसलं? कोऱ्हाळे बुद्रुकला आमचा ऊस होता, ट्रॅक्टर होता, साखर कारखान्याचं सभासदत्व होतं. पुस्तक म्हणाल तर कारखान्याचा वार्षिक अहवाल. अक्षरं जुळवायला मी त्यावरच शिकलो. आईला सही येत नव्हती. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा पेपरात आलं, ‘कोऱ्हाळ्याच्या सुपुत्राचे यश’. माझी परिस्थिती कुणी काढली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला इतकी लाज वाटली की मीच आणलेला पेढा मी बशीत परत ठेवला.

“च्या घ्या की, सर,” तिची आई म्हणाली. “साखर तुमच्याच कारखान्याची हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, “पुढच्या अंकाची वाट बघत नाही. दुरुस्ती छापतो, माझ्या नावानिशी. साप्ताहिकालाही पाठवतो.”

“ते कराच,” विद्यार्थिनी म्हणाली. “पण सर, प्रबंधाचं पुस्तक होतंय. त्या तीन प्रश्नांच्या प्रकरणात प्रवेशाच्या दिवशीचे तुमचे प्रश्न आणि हे वाक्य घालायचंय मला. तुमची संमती लागेल.”

तिनं संमतीपत्र पुढं केलं. विभागात वर्षानुवर्षं वापरात असलेला तो नमुना मीच तयार केलेला. ‘आपले नाव कोठेही उघड केले जाणार नाही’ हे वाक्य माझं. मोरगावपासून लोणी देवकरपर्यंत किती उंबऱ्यांवर माझे विद्यार्थी हा कागद घेऊन गेले असतील. त्यावर माझी सही पहिल्यांदाच होत होती. वडलांनी त्यांचं तांबडं पेन दिलं.

तिनं वही उघडली.

“पहिला प्रश्न, सर. गाव कुठलं?”

“कोऱ्हाळे बुद्रुक.”

तिनं लिहून घेतलं. “गावात कुठं?”

उभ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.