अर्धी बादली

"वहिनी, अर्धी बादली मिळेल?"

दारात उभं राहून ते एवढंच विचारायचे, आणि मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यांचा अंगठा माझ्या परातीतल्या कणकेत रुतलेला असायचा. वाऱ्यासाठी मी दाराशीच परात घेऊन बसत असे, ही माझी चूक. कणीक असो, जिन्यावरचं ओलं सिमेंट असो, त्यांना दाबून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. "झाकून ठेवा, सुकतेय," असं वर मलाच सांगायचे. लग्न झाल्यापासून रोज कणीक मळणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल, ते तुमचं तुम्हीच समजून घ्या. हात धुतलेत का, असं मी खेकसले की म्हणायचे, "त्यासाठीच तर पाणी मागतोय."

आमची बिल्डिंग वसई गावात, पाचूबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. नव्वदच्या सुमाराला इकडे फ्लॅट मिळायचा, पाणी मिळायचं नाही. सगळं टँकरवर. सोसायटीच्या टाकीची किल्ली माझ्याकडे, म्हणून माझ्यामागे मला पाणीमंत्री म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि अशा गावात, आमच्याच मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हा माणूस ओल्या मातीचे पुतळे करायला येऊन राहिला होता. कुठे काय करावं याची काही अक्कल असते की नाही माणसाला, असं मी तेव्हा उघड म्हणत असे.

ते मुंबईत कॉलेजात रीतसर शिल्पकला शिकलेले. मूळ साताऱ्याकडचे. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की "जमलं नाही" म्हणून विषय संपवायचे. आम्ही त्यांना मूर्तीवाले म्हणत असू. सुरुवातीला ते चिडायचे, "मूर्तीवाला नाही हो, शिल्पकार." पुढे त्यांनीच नाद सोडला. पोटासाठी बिल्डर लोकांच्या गेटवर सिमेंटचे सिंह बसवायचे आणि बंगल्यांच्या खांबांवर द्राक्षांचे घोस काढायचे. एकदा मी म्हटलं, छान झालेत हो सिंह. तर म्हणाले, "वहिनी, ते सिंह मी केलेत असं कुणाला सांगू नका."

मग त्यांना ते काम मिळालं. पाचूबंदरचा एक तरुण तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य, खवळलेल्या दर्यात दुसऱ्यांची बोट ओढून आणताना बुडाला होता. बंदरावर त्याचा पुतळा उभा करायचा असं गावाच्या समितीनं ठरवलं. त्या दिवशी ते पाणी न मागताच आमच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, आता एक तरी काम माझ्या नावाचं उभं राहील."

या कामाची रीत त्यांनीच मला समजावली होती. लोखंडी सांगाड्यावर शाडूचा पुतळा उभा करायचा. तो पसंत पडला की त्याच्यावरून प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, आणि साच्यातून मग कायमचा पुतळा निघतो. साचा घेईपर्यंत माती ओली राहिली पाहिजे. सुकली की तडकली, तडकली की सगळं मुसळ केरात. म्हणून पुतळ्याला दिवसरात्र ओलं गोणपाट गुंडाळलेलं असायचं. तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, विसळलेलं पाणी सगळी बिल्डिंग त्यांच्यासाठी बाजूला काढू लागली. मी तोंडानं कुरकुरत अर्धी बादली चांगलं पाणी द्यायची. तांडेलाला आंबलेल्या पेजेचा वास यायचा. आमची पोरं शेडजवळून नाकं धरून जायची.

पसंती कुणाची, तर आईची. तांडेलाची आई म्हातारी, दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. फोटो एकच, तोही लग्नाच्या घोळक्यातला. म्हणून समितीनं ठरवलं की म्हातारीनं हात लावून हो म्हटलं की साचा घ्यायचा. तिची सून तिला रिक्षातून आणून सोडायची. मूर्तीवाले गोणपाट सोडायचे, स्टूल द्यायचे. म्हातारी वर चढून त्या ओल्या गालावरून बोटं फिरवायची.

"येवढा गुबगुबीत नाय व्हता माजा पोर."

ते गाल उतरवायचे. पुढच्या खेपेला म्हातारी म्हणायची, "आता लय वाळला." ते पुन्हा भरायचे. कधी हनुवटी, कधी कान. असं महिनोन्‌महिने चाललं. मी सगळं बघत होते. शेवटी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, ती तुम्हाला खेळवतेय. तुम्ही हात टेका आणि सांगा समितीला."

ते बोटांची माती काढत बसले होते. म्हणाले, "तिला साचाच नको आहे, वहिनी. आत्ता गाल दाबला की दबतो. साचा झाला की कडक होणार. मग ती कशाला येईल?"

"मग सांगा की तिला तसं."

"काय सांगू? दबणारा गाल आता परत मिळायचा नाही, हे सांगू?"

मी उठून घरी आले. माझ्यासारखीला गप्प बसवणं सोपं नाही.

समितीचे अध्यक्ष मात्र गप्प बसणारे नव्हते. त्यांनी येऊन सांगितलं, नारळी पुनवेला पुतळा बसलाच पाहिजे, नाहीतर मुंबईहून तयार फायबरचा आणू. मूर्तीवाल्यांनी प्लॅस्टरच्या गोण्या आणून कोपऱ्यात रचल्या आणि म्हातारीच्या होकाराची वाट बघत बसले. खाणं-पिणं सुटलं होतं. मी डबा पाठवला की जेवण कावळ्यांना जायचं आणि डबा विसळून परत यायचा. ते पाणी त्यांनी कुठे वापरलं हे विचारायला नको.

आणि ऐन मे महिन्यात टँकर बंद पडले. ज्या गावांतल्या विहिरींचं पाणी उपसून टँकर भरत होते, ती गावं रस्त्यावर उतरली होती, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आमची टाकी कोरडी पडली. लोक भुईगावच्या नातेवाइकांकडून कळशी कळशी पाणी आणत होते. मूर्तीवाले दारात यायचे, काही न बोलता बादली खाली ठेवायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि रिकामीच उचलून न्यायचे. अर्धी बादली सोडा, मुलीला ताप होता आणि पट्ट्या ठेवायला माझ्याकडे तांब्याभर पाणी होतं. तोंडात मारल्यासारखं व्हायचं मला.

शेवटी ते शेडमागच्या पडीक विहिरीवर गेले. खाडीचं पाणी शिरून ती विहीर कधीच मचूळ झाली होती. भांडी घासायलासुद्धा कुणी वापरत नसे. खारं पाणी मातीला चालत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण गोणपाट कडक होत चाललं होतं. त्यांनी तेच पाणी मारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारलं.

टँकर सुरू झाला त्या दिवशी मी पहिली कळशी भरली आणि थेट शेडकडे निघाले. म्हातारी येऊन स्टुलावर चढलेली होती. गोणपाट सोडलेलं. तांडेलाच्या चेहऱ्यावर, गळ्यावर पांढरा खार फुटला होता. मीठ वर आलं होतं, बारीक भेगा पडल्या होत्या. मूर्तीवाले भिंतीला टेकून उभे होते, चेहरा प्रेतासारखा.

म्हातारीनं गालावर हात ठेवला आणि तिचा हात थबकला. बोटं खरखरली. तिनं ती बोटं जिभेला लावली.

तिनं बोटं परत त्या गालावर ठेवली. मग म्हणाली, "आला."

मूर्तीवाले भिंतीपासून पुढे आले.

"दर्यावरशी आला का असाच लागं. आंगाव मीठ. मी सांगं, रं बाबा, आदी तोंड धू." ती दोन्ही हातांनी तो चेहरा धरून उभी होती. "हाच माजा पोर. कर बाबा तुजा साचा."

मी कळशी पुढे केली. मीठ धुऊन काढलं असतं, भेगा लिंपल्या असत्या, तर त्या संध्याकाळी साचा होऊ शकला असता. कळशीकडे त्यांनी असं पाहिलं की मला वाटलं, हिसकावूनच घेतात. पण म्हातारीचे हात अजून त्या चेहऱ्यावर होते.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "तिला जाऊ दे आधी."

मी कळशी तिथेच ठेवून घरी आले. म्हातारी संध्याकाळपर्यंत हलली नाही. त्यांनीही तिला ऊठ म्हटलं नाही. पत्रा तापलेला, शेडची भट्टी झालेली. रिक्षा गेली आणि त्यांनी पहिला ओला बोळा लावला, तसा उजवा गाल पोपड्यासारखा सुटून त्यांच्या हातात आला. मग नाक, मग कपाळ. मी परत शेडमध्ये गेले तेव्हा ते तो गाल ओंजळीत धरून जमिनीवर बसले होते. मला म्हणाले, "होकार मिळाला, वहिनी." आणि मोठ्यानं रडायला लागले. मी तिथेच बसून राहिले.

पुन्हा करा असं सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगितलं. त्यांनी सांगाडा भंगारवाल्याला देऊन टाकला. नारळी पुनवेला बंदरावर फायबरचा पुतळा बसला, गोरापान, मिशीवाला. म्हातारीला हाताला धरून नेलं होतं. तिनं गालाला हात लावला, लगेच काढून घेतला आणि सुनेला विचारलं, "ह्यो कोन?"

मूर्तीवाले परत सिंहांकडे आणि द्राक्षांकडे वळले, तेही हळूहळू सुटलं. पुढे धरणाचं पाणी आलं, आमच्या नळांना धार लागली, पाणीमंत्र्याचं खातं गेलं. बादली घेऊन यायचं त्यांना काही कारण उरलं नाही. तरी कधी कधी दारात येऊन उभे राहायचे. मी परात पुढे सरकवायची. ते नुसते बघायचे, अंगठा काही लावायचे नाहीत. मला त्याचा फार राग यायचा.

एका पावसाळ्यात ते शेडमध्येच वारले. साताऱ्याहून भाऊ येईपर्यंत आम्ही शेजारीच बसून होतो. कुणी कळवलं कोण जाणे, पण सुनेचा हात धरून म्हातारी आली. खाली बसली, चाचपडत त्यांचा चेहरा शोधला आणि पूर्वी फिरवायची तशी गालावरून बोटं फिरवली. कानामागे, केसांत शाडू वाळून बसला होता; पुन्हा माती कधी हातात घेतली होती, आम्हाला कळलंच नव्हतं. तिथे तिची बोटं अडली.

"पानी आन गो," ती मला म्हणाली. "ह्याचं तोंड धुवू दे."

मी शेडमधली त्यांचीच ती जुनी बादली घरी नेऊन नळाखाली लावली. निम्मी झाली तेव्हा सवयीनं माझा हात नळ बंद करायला पुढे गेला. मी तो मागे घेतला आणि बादली काठोकाठ भरू दिली.