टिनपॉट ओढा आणि थेल्माची अंगठी

वॉलीच्या पणजोबांच्या काळी टिनपॉट ओढ्यावर तीन हजार माणसं सोनं धूत होती. आता दोघंच उरली होती, वॉली जेगो आणि त्याची बायको थेल्मा; आणि थेल्माला सोन्यात काडीचाही रस नव्हता. तिला हवं होतं डोंगराखालच्या गावातलं एक घर, जिथून दवाखाना पायी गाठता येईल आणि नळाला गरम पाणी असेल. बावन्न वर्षं ती हेच बोलत आली आणि बावन्न वर्षं वॉलीचं उत्तर एकच, हा हंगाम होऊ दे, मग बघू.

यंदा त्याच्या डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांच्या लेकीने, ग्वेनने, त्याच्याकडून वचनच घेतलं. ईस्टरपर्यंत रेती धुवायच्या परातीत सोनं लागलं नाही, तर खाली गावात राहायला यायचं. वॉली रोज ओढ्यात उतरे आणि रिकाम्या हाताने परते. त्याचं जेवण सुटलं. कुत्र्यावर खेकसणंसुद्धा त्याने सोडलं, तेव्हा मात्र थेल्माचा धीर सुटला. मेल्याचं ते उतरलेलं तोंड तिला बघवेना.

ईस्टरला दोनच दिवस उरले असताना, गुड फ्रायडेच्या सकाळी, तिने लग्नातल्या अंगठीवर कानस चालवली आणि चिमूटभर कीस त्याच्या परातीतल्या रेतीत मिसळला. इतकी वर्षं ओढ्याकाठी काढूनही बाई चुकली ती इथेच. टिनपॉटचं सोनं फिकट, पाण्याने घासून गुळगुळीत झालेलं. अंगठी होती गावातल्या दुकानातली, तांबं मिसळलेली, म्हणून तिचा कीस लालसर आणि बोटाला खरखरीत.

वॉलीने परात फिरवली. तळाशी राहिलेलं बोटावर घेऊन अगदी डोळ्यांपाशी नेलं, अंगठ्याने चोळलं. लागलं का काही, असं थेल्माने जमेल तितक्या सहजपणे विचारलं. त्याने तिचा डावा हात हातात घेतला आणि अंगठीची खरखरीत झालेली कड चाचपली.

"गावात घर पाहिजे म्हणून जन्मभर माझं डोकं खाल्लंस," तो म्हणाला, "आणि मी इथंच राहावं म्हणून अंगठी कानशीनं घासलीस?"

"तू जेवत नव्हतास," थेल्मा म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

वॉलीने तो कीस रुमालात बांधून तिच्या हातात दिला आणि परात ओढ्यात पालथी केली.

"आज काही लागलं नाही," तो म्हणाला. "ग्वेनला फोन कर. घर दवाखान्याजवळचंच बघ म्हणावं."