कोरड्या ढिगाचं काय करायचं?

समता आर नावाच्या संगणकी भाषेत प्रोग्राम लिहिते, हे तिच्या वडिलांनी, देवानंदरावांनी, निम्म्या खामगावला सांगून ठेवलं होतं. आर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यामुळे त्यांचं बोलणं कधी अडलं नाही.

समता नोकरीला होती कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांच्या संघटनेत. आज तिचा कापसाच्या वजनाचा प्रोग्राम चालला तर हंगामभर सगळ्या जिनमध्ये तोच लागणार होता. नाही चालला तर अध्यक्ष महादेवराव पुण्याहून तयार मागवणार होते. देवानंदराव महादेवरावांच्याच जिनवर मुकादम. लेकीचा डबा द्यायच्या निमित्ताने तेही संघटनेच्या कचेरीच्या दारात उभे होते. डबा समताच्या पिशवीतच होता.

प्रोग्राम म्हणजे पाइपची साखळी. एका कामातून निघालेली नोंद दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मध्ये एक अट: कापसाचा ढीग ओला असेल तर पाण्याचं वजन वजा कर. ओल्या ढिगाची फाइल झोकात पार पडली. कोरड्या ढिगाची टाकली, तर पडदा कोरा.

"कापूस कुठी गेला वो बाई?" महादेवरावांनी विचारलं.

"दोन प्रोग्राम करून टाक ना," शेजारच्या टेबलावरचा शेखर म्हणाला. "ओल्याचा येगळा, कोरड्याचा येगळा."

"अन् उद्या दुरुस्ती एकात केली, दुसऱ्यात राह्यली, तं शिव्या कोण खाईन? तू?" समताने त्याला गप्प केलं. "साहेब, चहा घ्या. तोवर पाह्यते मी."

साखळी तिने वरपासून वाचली आणि अटीपाशी थबकली. 'जर' होतं, 'नाहीतर' नव्हतं! ती वाढली जिनच्या मागच्या चाळीत. ओला कापूस पटांगणात सुकायला, कोरडा सरळ आत. कोरड्याचं काय करायचं, हे तिथे कुणी कुणाला कधी सांगितलेलंच नाही. म्हणून तिनेही सांगितलं नव्हतं. संगणक बिचारा खामगावचा नव्हता. काही करायला सांगितलं नाही, म्हणून त्याने पुढे काहीच पाठवलं नाही.

तिने 'नाहीतर' लिहिलं आणि त्यापुढे फक्त एक टिंब दिलं. त्या टिंबाचा अर्थ, आलं तसं पुढे जाऊ दे. फाइल पुन्हा चालवली. कोरडा ढीग वजनासकट पडद्यावर हजर! तिने मग ओलाही चालवला. तोही बरोबर.

"हाव, जमलं," महादेवराव म्हणाले. "पुण्याले फोन नका करू आता. देवानंद, काय केलं रे तुह्या पोरीनं?"

देवानंदराव दारातून दोन पावलं आत आले, छाती पुढे काढून.

"ते तुमाले नाई समजणार, मालक."

समताने घाईघाईने पुढची फाइल उघडली. हसू लपवायला काहीतरी हवंच होतं.