दाणे सुकेपर्यंत

मद्रासला, अंबत्तूरच्या प्रयोगशाळेत मी पॉलिकार्बोनेटवर काम करायचो. ते वितळवण्याआधी त्याचे दाणे ओव्हनमध्ये चार तास सुकवावे लागत. तिथल्या दमट हवेत ते लगेच ओल धरत आणि मग काचेसारख्या प्लास्टिकमध्ये बुडबुडे येत.

ओव्हन सांभाळणारे गृहस्थ तंजावूरकडचे मराठी. चार तास उलटले तरी ते दार उघडत नसत. चष्मा पुसत म्हणत, "अजून ओले असतील. बसा, पुण्याचं सांगा."

एकदा मी घड्याळ दाखवलं. ते खाली बघत म्हणाले, "अम्मा गेल्यापासून घरात मराठी बोलायास कोणी नाही."

पुण्याला परतायच्या दिवशी सुकलेल्या दाण्यांचा डबा मी मुद्दाम उघडा ठेवला. त्यांनी तो पाहिला. ओव्हन पुन्हा लावला आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.