ज्याचा शब्द त्यानंच काढायचा

आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी इंग्रजी शिकवतात, हे परक्या माणसाला सांगून पटत नसे. त्याला दिसायचं ते भलतंच. खुशालराव सरांच्या ओट्यावर एक पोट्टा उताणा पडून हवेत सायकल मारतोय, दुसरा पोट धरून लोळतोय, एक पोरगी नसलेल्या सुईत नसलेला दोरा ओवतेय, आणि मधोमध सत्तरीला टेकलेला एक उंच माणूस, गळ्यात शिट्टी, दोन्ही हातांनी कोरड्या फरशीवर पोहतोय. "माणिकबाई, तुमच्या शेजाऱ्याले लागीर तं नाही झालं?" असं माझ्या एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं. मी ब्लाऊज शिवते. माझी मशीन खिडकीपाशी आहे आणि खिडकीसमोर त्यांचा ओटा. त्यामुळे हे सगळं मी पाहिलेलं आहे, आणि बरंचसं फुकटात शिकलेलीही आहे.

सरांनी आयुष्यभर अकोटच्या एका शाळेत पी.टी. शिकवली. इंग्रजीशी त्यांचा संबंध 'अटेन्शन' आणि 'स्टँड अ‍ॅट ईज'पुरता. पण रिटायर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गल्लीतली पोरं इंग्रजी शाळेत जातात, स्विमिंगचं स्पेलिंग घडाघडा लिहितात, आणि म्हणजे काय विचारलं की आढ्याकडे बघतात. "शब्द वहीत आहे, अंगात नाही," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ओटा झाडून घेतला. शिकवायचं ते फक्त तीन गोष्टींचं. खेळ, छंद आणि तब्येत. का, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "माणसाले खेळाले, रमाले आन दुखलं-खुपलं सांगाले शब्द पायजे. बाकी इंग्रजी शाळावाले शिकवतीन."

मराठी अर्थ सांगायचा नाही, शब्द अंगानं करून दाखवायचा, ही त्यांची पद्धत. खेळांना कुणी अडत नसे. छंदांपाशी गाडी थांबली. सरांनी प्रत्येकाला विचारलं, तुझ्या घरी कुणाला काय करायला आवडतं? अरीबची आजी सुयांवर स्वेटर विणते, म्हणून 'निटिंग' आलं. करिश्मा नावाची एक बारकीशी, नाकावर राग असलेली पोरगी आहे. ती म्हणाली, "माह्या मायले झोपाले आवडते." पोरं खिदळली. सरांनी शिट्टी वाजवली. "हसाले काय झालं? दिवसभर कापसाच्या जिनिंगमधे उभी राहते तिची माय. स्लीपिंग. चला, सगळ्यांनी करा." आणि अख्खा ओटा गालाखाली हात घेऊन झोपला. मला त्या दिवशी सरांचं फार कौतुक वाटलं, पण मी बोलले नाही. माणूस उगाच फुगतो.

आणि एक नियम होता, तो मात्र कडक. कुणी शब्दाला अडलं, तर दुसऱ्यानं सांगायचा नाही. ज्याचा शब्द त्यानंच काढायचा. मग तो पोरगा ओठ चावो, पाय घासो, सगळ्यांनी गप्प बसून वाट पाहायची. मला हे कधी जमलं नाही. एखादं लेकरू कपाळावर हात ठेवून "फी… फी…" करत उभं असलं, की मी खिडकीतून ओरडायचे, "फीवर! फीवर म्हन ना, बाप्पा!" लगेच शिट्टी माझ्यावर. "माणिकबाई, त्याच्या तोंडातला शब्द तुमी काहून काढला? आता तो त्याचा नाही राह्यला."

या सगळ्याच्या वेळी सरांच्या बायको, कौसल्याबाई, आत भाकरी थापत असायच्या. चौथी शिकलेल्या, आवाज खणखणीत. बाहेर पोरं 'रन, रन, रन' करू लागली, की आत भाकरीची थपथपही त्याच ठेक्यावर यायची. नवऱ्याला त्या हाक मारायच्या ती "अवो!" एवढीच. पण त्या एका 'अवो'चे किती प्रकार! चहा झाला म्हणून वेगळा, दूधवाला आला म्हणून वेगळा, आणि पोरांच्या नादात भाजी आणायची राहिली म्हणून तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा. कोणता 'अवो' कशासाठी हे मला शिवताशिवता कळायचं. सर कितीही रंगात असोत, 'अवो' आला की शिट्टी खाली ठेवून आत जायचे.

गेल्या थंडीत एका सकाळी कौसल्याबाई अंगणातच कोसळल्या. अकोल्याला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळं समजायचं, माणूस ओळखायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, फक्त शब्द निघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, बोलणं थोडंफार येऊ शकतं, त्यांच्याशी बोलत राहा आणि त्यांना वेळ द्या. सरांनी मान हलवली. वेळ द्यायला सांगत होते कुणाला, तर यांना!

आणि नेमकं तेच त्यांना जमेना. कौसल्याबाईंचा ओठ जरा हलला, की सरांची सरबत्ती सुरू. "पानी? पंखा लावू? उशी? कूस बदलाची? मोरीत जाचं?" ती बिचारी डोळे मिटून घ्यायची. एकदा तर तिनं डाव्या हातानं कप फेकला. मी त्यांना म्हटलं, "सर, पोट्ट्यायले तं शिट्टी वाजवता. आता तुमची शिट्टी कुठी गेली?" ते म्हणाले, "पोट्टं अडलं तं गंमत वाटते वो. तिचं अडकनं मले पाहवत नाही."

वर्ग बंद पडला होता. पण पोरं यायची, ओट्यावर थोडा वेळ बसायची, निघून जायची. थंडी ओसरली तसं सर कौसल्याबाईंना संध्याकाळी ओट्यावर खुर्चीत आणून बसवू लागले. एक दिवस करिश्मा उभी राहिली आणि कुणाला न विचारता जागच्या जागी पळायला लागली. "रन!" बाकीची पोरं उठली. सरही शेवटी उठले. सगळा ओटा धडधडायला लागला, रन, रन, रन, आणि त्या गलक्यात खुर्चीतून स्पष्ट आवाज आला, "रन."

सगळे थांबले. जिला एक पाऊल टाकता येत नव्हतं, तिचा पहिला शब्द 'रन'. मी मशीन सोडून धावले. सर खुर्चीपाशी फरशीवर बसून लहान मुलासारखे रडत होते, आणि कौसल्याबाई अर्ध्या तोंडानं हसत होत्या. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या घरातल्या कशानं झालेला आठवत नाही.

मग 'जम्प' आलं, 'कफ' आलं, 'फीवर' आलं. मराठी एक अक्षर येईना, पण वर्षानुवर्षं भाकरी थापताना कानांवर पडलेले ते शब्द पोरांच्या सुरात सूर मिसळून निघायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं. गल्लीत मात्र बोभाटा झाला, कौसल्याबाई इंग्रजी बोलून राहिली! बाया मुद्दाम बघायला यायच्या. सर सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, पण मला एकदा हळूच म्हणाले, "माणिकबाई, मले ते इंग्रजी कायी नाही पायजे. तिनं एकडाव 'अवो' म्हनावं. बस." घरात भांडं पडल्याचा आवाज झाला तरी ते दचकून "हाव, आलो" म्हणायचे.

करिश्मा रोज कौसल्याबाईंच्या पायाशी बसायची. तब्येतीचे शब्द घोकायचा तिचा सपाटा होता. हात, पोट, डोकं, एकेका जागी बोट ठेवून विचारायची. एकदा तिनं गुडघ्यावर बोट ठेवलं. कौसल्याबाईंचे ओठ हलले, अडले. सरांनी तोंड उघडलं मात्र, करिश्मानं हात आडवा केला. "सर, सांगू नोका. शब्द तिचा हाय." सर वरमले. आम्ही सगळे थांबलो. भाजीची गाडी आली, गेली. मी पदर तोंडात धरून ठेवला होता. मग आलं, "नी." आणि कुणी न विचारता, आणखी बराच वेळ गेल्यावर, "पेन."

गुडघा दुखत होता. किती दिवसांपासून कोण जाणे. पाणी, पंखा, उशी, सगळं विचारून झालं होतं, गुडघ्याचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सरांनी त्याच वेळी तेल गरम केलं आणि पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. त्यानंतर मात्र त्यांनी मनावर घेतलं. कौसल्याबाईंचा ओठ हलला की ते हात मागे बांधून, मान खाली घालून उभे राहायचे. त्यांच्या कपाळावर घाम यायचा, पण थांबायचे.

उन्हाळा आला. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, आणि कोणत्या वेळी ते देवालाही ठाऊक नसतं. आले की गल्ली हातातलं काम टाकून बादल्या घेऊन धावते. त्या दिवशी भर दुपारनंतर कुणीतरी ओरडलं, "नळ आले!" आणि एकच पळापळ झाली. सरांच्या घरात भरणारा माणूस एकच. बादली टाकीत ओत, परत नळाशी, परत टाकीशी. कौसल्याबाई कूलरसमोर खुर्चीत होत्या.

पुढचं मला सरांनीच सांगितलं आहे, एकदा नाही, अनेकदा. तिसऱ्या की चौथ्या खेपेला कौसल्याबाईंनी डावा हात उचलला. ओठ हलायला लागले. सर बादली घेऊन क्षणभर थबकले. चहाची वेळ झालीच होती. "चहा न? टाकतो, टाकतो." तिनं मान हलवली, नाही म्हणून. ते त्यांनी पाहिलं. पण नळाची धार बारीक व्हायला लागली होती. "हाव, आलोच," असं म्हणून ते नळाकडे गेले. बादली भरली. चहा टाकला. बशी घेऊन बाहेर आले, तेव्हा ती गेलेली होती. हात खुर्चीच्या दांडीवर, तोंड किंचित उघडं.

डॉक्टरांनी हृदय थांबलं असं सांगितलं. तुम्ही समोर बसून असता तरी काही झालं नसतं, असंही सांगितलं. ते आम्ही सगळ्यांनी सरांना पुन्हा पुन्हा ऐकवलं. त्यांना ते पटतंही. त्यांचं दुःख ते नाहीच. "ती काय म्हनत होती, माणिकबाई?" एवढंच ते विचारतात. "'पेन' म्हनत असन तं मी तिच्यावर अन्याय केला. आन 'अवो' म्हनत असन तं माह्या हातचं गेलं. होठ कसे हालत होते थे सुदा मले सांगता येत नाही. मी बादलीकडे पाहत होतो."

तेरवी झाल्यावर पोरं पुन्हा ओट्यावर येऊन बसली. सरांनी चार दिवस पाहिलं आणि मग शिट्टी गळ्यात घातली. कौसल्याबाईंची खुर्ची तिथेच असते. तिच्यावर कुणी बसत नाही, कुणी तसं सांगितलेलं नाही.

परवाची गोष्ट. एक नवीन पोरगी आली आहे, पहिलीतली, भित्री. तब्येतीचे शब्द चालले होते. तिनं डोक्याला हात लावला आणि अडली. सगळे गप्प झाले. सर तिच्यासमोर उकिडवे बसले. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, "नळ आले!" दारं धडाधडा उघडली, मायबायांनी पोरांना हाका मारल्या, मी स्वतः बादली घेऊन बाहेर पडले. ओट्यावरची पोरं चुळबुळ करू लागली. अरीब म्हणाला, "सर, नळ."

सरांनी मान वर केली नाही. "जाऊ दे," ते म्हणाले. "तिले सांगू द्या."

माझ्या बादल्या भरल्या, पिंप भरलं, शेवटी नळ थेंब थेंब करून बंद झाला. सरांच्या दारातली बादली कोरडीच होती. आणि मग त्या पोरीनं, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं, म्हटलं, "हेडेक."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाटच पाहत होते, की आता शिट्टी वाजेल आणि पुढचा शब्द येईल. सर उठले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "अजून कायी सांगाचं हाय काय, बाई, तुले?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. तरी ते थांबले.