गोठू न दिलेले रक्त

लोटन भिला हा नंदुरबारच्या मिरची पथारीवरचा हमाल. गावाबाहेरच्या उघड्या रानात ओली मिरची वाळत घालतात, त्या जागेला पथारी म्हणतात. वाळलेल्या मिरचीची पोती लोटनच्या पाठीवरून रेल्वेच्या वाघिणीत चढत. सर्वांत जड पोते तोच उचलत असे, असे त्याचे सोबती सांगतात. मृत माणसाविषयी असे बोलण्याची रीत आहे; म्हणून मी ते केवळ नोंदवतो.

१९६४च्या हिवाळ्यात थप्पीवरून घसरलेले पोते सावरताना त्याच्या छातीत कळ आली आणि अंगाला दरदरून घाम सुटला. गावातील डॉक्टरांना निदान ठरवता येईना. छातीच्या वरच्या स्नायूला हिसका बसला असेल, किंवा हृदयालाच इजा झाली असेल. हृदयाचा स्नायू दुखावला की त्यातले एक द्रव्य रक्तात उतरते, आणि ते मोजण्याची सोय सुरतेला आहे, असे त्यांनी सांगितले. द्रव्य वाढलेले नसेल, तर लोटन पुन्हा पोती उचलू शकेल.

रक्ताची बाटली घेऊन त्याची पत्नी सुंदरबाई स्वतः सुरतच्या गाडीत बसल्या. बाटली हलवू नका, असे आपण बजावले होते, असे डॉक्टर म्हणतात. सुंदरबाईंना तसे काही आठवत नाही. दोघांपैकी कोणाचे खरे, हे ठरवण्यास माझ्याकडे साधन नाही. पुढची हकीकत मात्र सुंदरबाई अभिमानाने सांगतात.

"नवापूरना पुढे मी फडकं सोडं, ते रगत दहीनागत बसी ऱ्हायनं व्हतं. मन्हा ते जीवच गया. म्हनं, आते हाई वाया जाई. मंग सुरत येवालोंग शिशी हालाडतच ऱ्हायनू. शेजारनी बाई हासनी, 'काय वं, ताक करी ऱ्हायनी का?' मी म्हनं, 'ताक नही माय, धनीना जीव शे.'"

सुरतेच्या तपासनिसाने बाटली उजेडात धरली, हेही त्यांच्या लक्षात आहे. "वरनं पानी बी लालेलाल! इतलं जोरदार रगत व्हतं त्यासनं."

द्रव्याचे प्रमाण फार वाढलेले निघाले. डॉक्टरांनी आधी पूर्ण विश्रांती सांगितली आणि ओझे कायमचे वर्ज्य केले. लोटनने त्यापुढे जाऊन स्वतःवर सारेच वर्ज्य केले. तो जोरात बोलेना, खोकला आला तर दाबून धरी. पथारीवरचा जोडीदार मगन एकदा म्हणाला, "काय रे लोटन, नवरदेव व्हई गया का? खाटवरथीन उतरस नही!"

लोटनने छातीवर हात ठेवला. "हासाडू नको रे मगन. फुटी जाई."

मग मगननेही थट्टा सोडली आणि हळूहळू येणेही कमी केले. सुंदरबाई पथारीवर मिरचीची देठे खुडायला जाऊ लागल्या. संध्याकाळी त्या परत येत, तेव्हा लोटन आपल्या बारीक झालेल्या दंडांकडे बघत पडलेला असे.

१९६८च्या पावसाळ्यात त्याला ताप भरला आणि छातीत कफ साठला. मगनने दवाखान्यात न्यायला बैलगाडी दाराशी आणली. लोटनने खाटेच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. "गाडी नको. दचका बसतीन." त्याला कोणी उचलू शकले नाही. मृत्यू त्याच खाटेवर झाला.

धुळ्याच्या एका रक्ततपासनिसाला मी हा सगळा प्रकार कळवला. तेच द्रव्य रक्तातील तांबड्या पेशींतही असते, असे त्याने सांगितले. तपासणीसाठी रक्त गोठूच द्यायचे असते आणि वर सुटलेले पाणी तपासायचे असते; रक्त घुसळले तर पेशी फुटतात, वरचे पाणी लाल होते आणि मोजणी फुगते; असे रक्त तपासूच नये. एवढ्यावरून लोटनचे हृदय धडधाकट होते, असे सिद्ध होत नाही. ते दुखावले होते, असेही मात्र कधीच सिद्ध झाले नव्हते.

मी पुन्हा गेलो, तेव्हा सुंदरबाई पथारीवर देठे खुडत होत्या.

"भाऊ, तुम्ही शिकेल शेतस," त्या म्हणाल्या. "मन्हा हातनं काही चुकनं का? रगत ते मी गोठू दिधं नही."

"नाही, रक्त तुम्ही गोठू दिले नाही," मी म्हणालो.

त्यांचे समाधान झाले. मिरचीची पुढची रास त्यांनी जवळ ओढली. "दुसरी कोनी व्हती, ते गाडीम्हा झोपी जाती."