कॉलमला काय चिकटलं?

आमच्या लॅबमध्ये वर्षभरात जेवढी अँटिबॉडी शुद्ध झाली, ती चहाच्या एका कपात मावेल. गोंधळ मात्र इतके साठलेत, की दुपारी जेवणाचे डबे उघडताना एकाचा किस्सा सुरू झाला की दुसऱ्याचा आपोआप निघतो.

लॅब जळगावच्या एमआयडीसीत, फळांचा रस काढणाऱ्या कारखान्याच्या शेजारी. माणसं तीन. सर, मी आणि अटेंडंट नाना. नाना साक्रीकडचे, रिटायरमेंटला आलेले. सरांनी सहा वर्षं खपून एक प्रोटीन घडवलं. मूळचं बॅक्टेरियाचं, पण कॉस्टिक सोड्याने धुतलं तरी टिकावं म्हणून त्यातले तुकडे बदललेले. ते बारीक पांढऱ्या मण्यांवर बसवायचं आणि मणी काचेच्या नळीत भरायचे, की झाला कॉलम. वरून पेशी वाढवलेलं पाणी सोडलं, की अँटिबॉडी तेवढी मण्यांना चिकटते, बाकीचं वाहून जातं. मग आम्लाचं पाणी सोडलं की ती सुटते. ऐकायला सोपं आहे.

*

पारोळ्याला माझी मोठी मावशी असते, अक्का. मी नेमकं काय करते हे तिने एका रविवारी विचारलं. मी तिला मण्यांचं सांगितलं, ते फक्त अँटिबॉडीलाच धरतात हेही सांगितलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वळखतस कसा?"

मी म्हटलं, आकारावरून.

"मंग त्यानामायक दुसरा उना तर?"

त्याच्यासारखाच दुसरा आला तर काय, असं ती विचारत होती. मी विषय बदलला.

त्याच आठवड्यात आमची अँटिबॉडी हिशेबापेक्षा दीडपट निघाली. आधी आम्ही खूश झालो, मग घाबरलो. सर चार दिवस मशीन तपासत होते. शेवटी लक्षात आलं, पेशींना खायला आम्ही वासराच्या रक्तातलं सीरम घालत होतो आणि वासराच्या अँटिबॉडीही मण्यांना चिकटल्या होत्या. मी सरांना अक्काचा प्रश्न सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. मग म्हणाले, "अक्कांना सोमवारपासून यायला जमेल का?"

*

एकदा मुंबईहून एक तज्ज्ञ आमचं काम बघायला आले. गेटवर नाना होते. साहेबांनी विचारलं, इंजिनिअर्ड लिगँड कुठे बघायला मिळेल? लिगँड म्हणजे सरांचं ते प्रोटीन. नानांना फक्त इंजिनिअर ऐकू आलं. आमच्याकडे इंजिनिअर नाही, म्हणून नानांनी साहेबांना शेजारच्या कारखान्यातल्या इंजिनिअरकडे नेऊन बसवलं.

आम्ही इकडे पाऊण तास वाट बघतोय. तिकडे तो भला माणूस साहेबांना सांगतोय की प्रेशर वाढवलं की फ्लो बिघडतो, कॉस्टिकने रोज धुवावं लागतं आणि खरी डोकेदुखी गाळाची आहे. साहेब सगळं लिहून घेत होते.

आमच्याकडे आल्यावर सरांनी सादरीकरण सुरू केलं. साहेबांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "राहू द्या, तुमच्या सहकाऱ्यांनी फार स्पष्ट समजावलं."

सर माझ्याकडे बघायला लागले आणि मी नानांकडे.

*

हा किस्सा माझा आहे. बाटलीवरचं नाव पुसलं गेलं होतं आणि मी धुण्याच्या पाण्याऐवजी आम्लाचं पाणी जोडलं. चिकटलेली अँटिबॉडी सुटून सांडपाण्याच्या नळीतून निघून गेली. मला कळलं तेव्हा कॉलम रिकामा होता. तीन आठवड्यांचं काम होतं ते. सरांना काय सांगायचं ते कळेना, मी स्टुलावर बसून रडले.

नानांनी कारण विचारलं. मी सांगितलं, सगळं गटारात गेलं. ते म्हणाले, गटारात कसं जाईल, नळीखाली तर मी सकाळीच धुतलेला कॅन लावलाय. त्यांनी कॅन आणून समोर ठेवला. आम्ही लगेच त्यात अल्कली घालून आम्ल मारलं आणि बरीचशी अँटिबॉडी वाचली.

मी विचारलं, आजच कॅन कसा लावला? नाना म्हणाले, "मॅडम, कॅन तर मी रोजच लावतो. तुम्ही आज बघितला."

*

मे महिन्यात कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर बसला. बाहेर त्रेचाळीस. सरांच्या ओळखीचे एक केळीचे व्यापारी आहेत, आबा. पाचोरा रोडला त्यांचे केळी पिकवण्याचे गार चेंबर आहेत. आम्ही कॉलम खोक्यात घालून तिकडे धावलो. आबा लगेच हो म्हणाले. फक्त एकच विचारलं, याने केळीला काही होणार तर नाही?

सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, यावर अभ्यास झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी खोकं न्यायला गेलो, तर अख्खा चेंबर रिकामा. केळी रातोरात दुसरीकडे हलवलेली. मधोमध एका टेबलावर आमचं खोकं आणि दारावर खडूने लिहिलेलं, 'आत अँटीबाडी आहे. दार उघडू नये.'

*

शेवटी मोठी परीक्षा आली. सरांचं प्रोटीन चांगलं की बाजारातलं? दोन्हींचे मणी दिसायला अगदी सारखे. आपल्याकडून नकळत पक्षपात होऊ नये म्हणून सरांनी ठरवलं, की कॉलम नानांनीच भरायचे, त्यावर फक्त अ आणि ब लिहायचं आणि कशात काय आहे ते कागदावर लिहून पाकीट बंद करायचं.

"निकाल लागेपर्यंत कोणालाही कळता कामा नये," सर म्हणाले.

"कोनलेच नको?" नानांनी विचारलं.

"कोणालाच नको."

महिनाभर आम्ही दोन्ही कॉलम कॉस्टिकने धूत होतो आणि पुन्हा अँटिबॉडी चिकटवत होतो. अ दुसऱ्या आठवड्यातच ढिला पडला. ब शेवटपर्यंत पहिल्या दिवसासारखा धरत होता. इतका चांगला आलेख मी आयुष्यात पाहिला नव्हता. सरांनी घरून पेढे आणले, पण डबा उघडला नाही. आधी पाकीट, म्हणाले. त्यांनी स्वतःच ते फोडलं.

कागद कोरा होता. सरांनी तो उलटा करून पाहिला, पाकीट झटकलं, मग नानांकडे पाहिलं.

नाना शांतपणे म्हणाले, "कोनलेच कळाले नको, असं तुमीच बोलले ना सर. म्हनून मी बी डोळे मिटूनच भरले."